हिंदाने किती वर्षे थांबावे?

उर्दू फतव्यांचे संग्रह ज्यांनी कधी चाळले असतील त्यांना झैद आणि हिंदा हे जोडपे ठाऊक असेल. प्रश्न विचारणाऱ्याचे खरे नाव उघडे पडू नये म्हणून पुरुषाला झैद आणि बाईला हिंदा म्हणायचे, असा या पत्रव्यवहारातला जुना रिवाज आहे. आणखी माणसे लागली तर अम्र आणि बकर येतात. झैदने हिंदाला रागाच्या भरात अमुक म्हटले, तलाक झाला का? झैदने हिंदाचा मेहर दिला नाही आणि तो वारला, आता काय? झैद परदेशी गेला, सात वर्षे पत्र नाही, हिंदा तरुण आहे, तिने काय करावे?

आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना बादशहा, किल्ले, लढाया आणि फार तर सूफी संत यांच्यापलीकडे आपण जात नाही. घराच्या चौकटीच्या आत काय चालले होते, बाया कशाने रडत होत्या आणि कोणाला विचारत होत्या, हे या संग्रहांत पानापानावर आहे. उत्तर देणारा मुफ्ती मोठा असतो, म्हणून आपण उत्तरे वाचतो. मला मात्र प्रश्न जास्त बोलके वाटतात. या लेखात त्यातल्या एकाच प्रश्नाचा मागोवा घ्यायचा आहे. ज्या बाईचा नवरा हरवला तिने किती थांबावे?

आधी हे प्रश्न जात कसे होते ते पाहू. १८५४ साली इंग्रज सरकारने देशभर टपालाचा एकच दर केला आणि अर्ध्या आण्यात पत्र कुठूनही कुठेही जाऊ लागले. १८७९ मध्ये एका पैशाचे कार्ड आले. दारुल उलूम देवबंदची स्थापना १८६६ची. पुढल्या पिढीत तिथे फतव्यांसाठी स्वतंत्र विभागच उघडावा लागला, कारण पत्रांचा पूर आला होता. मौलाना रशीद अहमद गंगोही, बरेलीचे मौलाना अहमद रझा खान, दिल्लीचे मुफ्ती किफायतुल्लाह या सगळ्यांच्या फतव्यांचे संग्रह निघाले आहेत. मसलकांत कितीही वाद असोत, दोन्हीकडे टपालाची थैली मात्र सारखीच जड होती. पूर्वी गावच्या काझीला किंवा मशिदीतल्या मौलवीसाहेबांना विचारायचे. आता जवाबी लिफाफा घालून शेकडो कोसांवरच्या आलिमाला विचारता येऊ लागले, आणि उत्तर छापून आले की तेच हजारांना लागू झाले.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण आपल्याच शिकल्या-सवरल्या लोकांत तो विसरला गेला आहे. फतवा म्हणजे हुकूम नव्हे. मुफ्ती शरीयतचे मत सांगतो. अंमलबजावणी करणारा निवाडा देतो तो काझी. मुफ्तीला साक्षीपुराव्यात शिरायचे नसते. झैद आणि हिंदा खरे बोलतात असे धरून तो उत्तर देतो. आता अडचण अशी की इंग्रजांनी १८६४च्या कायद्याने सरकारी काझींची नेमणूकच बंद केली. मुसलमानांच्या मागणीवरून १८८०चा काझी कायदा आला, तो आजही आहे. पण त्यातला काझी निकाह लावणारा, नोंदवही ठेवणारा. न्यायनिवाड्याचा कोणताही अधिकार त्याला नाही, असे त्या कायद्यातच लिहून ठेवले आहे. म्हणजे मुफ्ती राहिले, काझी गेले. आणि हनफी फिक्हप्रमाणे नवऱ्याने स्वतः तलाक दिला नाही किंवा खुला मान्य केला नाही, तर बाईची सुटका काझीच्या हातात. तीही फार थोड्या कारणांसाठी.

आता पुस्तकाकडे येते. माझ्या नानीची थोरली बहीण, जिला आम्ही सगळी मुले बडी नानी म्हणत असू, तिच्या पत्र्याच्या पेटीत तीन किताबे होती. कुरआन शरीफ, पंजसूरा आणि 'बहिश्ती जेवर'. तिसरी तिला लग्नात मिळालेली. मौलाना अशरफ अली थानवी (१८६३-१९४३) यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खास स्त्रियांसाठी लिहिलेली ही किताब. तिचे दहा भाग. पुरुषांसाठी 'बहिश्ती गौहर' म्हणून अकरावा भाग नंतर जोडलेला. उर्दू घरांत ती नवरीबरोबर सासरी जाऊ लागली. अलिफ-बे पासून सुरुवात. मग पत्र कसे लिहावे, वडिलांना काय मायना, बहिणीला काय. नमाज, रोजा, पाकी-नापाकी, निकाह, तलाक, इद्दत, खरेदी-विक्री, खोटे रिवाज, औषधे, हिशेब, साबण आणि शाई करण्याच्या कृती. ज्या मुलीला शाळा दिसणार नाही तिची शाळाच पेटीत भरून द्यायची, असा त्यामागचा विचार. थानवीसाहेबांच्या कित्येक मतांशी आज मी सहमत नाही. नवऱ्याच्या आज्ञेविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते माझ्या वर्गातल्या मुलींना मी जसेच्या तसे शिकवणार नाही. पण बाई वाचू शकते, तिला मसला समजतो, तिने मौलवींच्या आणि सासूच्या तोंडाकडे न पाहता स्वतः पान उघडावे, ही गोष्ट त्या काळात त्यांनी केली हे नाकारून चालणार नाही.

आमच्या कोकणात या किताबाची एक गंमत झाली. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. किताब हनफी. घरची बोली कोकणी, किताबाची भाषा दिल्ली-लखनौकडची उर्दू. बडी नानी वाचायची की नवरा-बायकोचा हात एकमेकांना लागला तर वजू तुटत नाही, आणि घरात लहानपणापासून शिकलेली की तुटते. किताबात फज्रच्या नमाजमध्ये कुनूत नाही, मशिदीत रोज सकाळी ऐकू यायचा. किताबात पाण्यातला मासा तेवढा हलाल, आणि चुलीवर तिसऱ्यांचे सालन शिजत असायचे. तिने यावर स्वतःची तोड काढली होती. नमाज बापाची, बाकी किताबाची. म्हणजे इबादतीत शाफई आणि लग्न-तलाक-इद्दतीच्या बाबतीत, जिथे बापाने काही शिकवलेच नव्हते तिथे, किताब सांगेल ते. हे आमच्याकडे बऱ्याच घरांत असेच होते असे मला वाटते. नमाजीचे मसाइल मुलांना तोंडपाठ होते, फस्खचा मसला कोणी मकतबमध्ये शिकवत नाही.

बडी नानीचे लग्न १९४० च्या सुमाराचे. नवरा खलाशी. कोकणातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर सारंग, तांडेल, खलाशी म्हणून जात आले. काही मुंबईला राहिले, काही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून थेट केप टाऊनपर्यंत जाऊन स्थायिक झाले, तिथली कोकणी वस्ती आजही आहे. तेव्हा नवरा दोन-दोन वर्षे न दिसणे हे काही नवल नव्हते. हे गृहस्थ १९४२ साली, वय बावीस असताना, मुंबईहून जहाजावर चढले. एक मनीऑर्डर आली. त्यानंतर काही आले नाही. लढाई संपली, लोक परत आले, कोणी म्हणाले जहाज बुडाले, कोणी म्हणाले त्याला डर्बनला पाहिले. मुलबाळ नव्हते. तिचे वय अठराच्या आत-बाहेर.

किताबात याचे प्रकरण आहे. नवरा बेपत्ता होण्याचे प्रकरण, चौथ्या भागात. तिथला मसला असा की ज्या बाईचा नवरा पूर्ण बेपत्ता झाला, मेला की जिवंत ते कळत नाही, तिने दुसरा निकाह करू नये, वाट पाहावी. त्या नवऱ्याचे वय नव्वद वर्षांचे होईल इतका काळ गेला, आणि शरई हाकिमाने तो मेल्याचा हुकूम लावला, की मग इद्दत पाळून ती मोकळी.

नव्वद वर्षे. बायकोचे वय नव्हे, नवऱ्याचे.

हा नियम आला कुठून? तो कोणाच्या क्रूरपणातून आलेला नाही हे नीट समजून घ्यायला हवे. सहाबांच्या काळातच याविषयी दोन मते होती. हजरत उमर (रजि.) यांचा निर्णय असा सांगितला जातो की बाईने चार वर्षे थांबावे, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावी, मग ती मोकळी. इमाम मालिक (रह.) यांनी 'मुवत्ता'मध्ये हे नोंदवले आणि मालिकी मजहब त्यावर उभा राहिला. हजरत अली (रजि.) यांचे मत असे सांगतात की ही बाई परीक्षेत सापडली आहे, नवऱ्याच्या मरणाची किंवा तलाकची खबर येईपर्यंत तिने सब्र करावा. हनफींनी हे घेतले. त्यामागचे सूत्र असे की जी गोष्ट खात्रीने होती ती शंकेने जात नाही. निकाह खात्रीने झाला आहे, मरण शंकेचे आहे. याच सूत्राने बेपत्ता माणसाची मालमत्ताही वारसांना वाटून घेता येत नाही, तो परत आला तर त्याचे घर-शेत शाबूत असावे. मालमत्तेच्या बाजूने पाहिले तर हे सूत्र न्यायाचेच आहे. पण जमीन वाट पाहू शकते, तिला पोट नसते. शाफई मजहबातही इमाम शाफईंचे आधीचे मत चार वर्षांचे आणि नंतरचे, ज्यावर फतवा चालतो ते, मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबण्याचे. मात्र नवरा पोटाला घालण्यास असमर्थ ठरला तर काझीकडून निकाह फस्ख करून घेण्याची वाट शाफईंनी उघडी ठेवली आहे. म्हणजे बडी नानीच्या स्वतःच्या मजहबात निदान एक दार होते. काझी नव्हता, आणि ते दार आहे हे सांगणारेही कोणी नव्हते.

हनफी आलिमांना ही अडचण दिसत नव्हती असे नाही. दमास्कसचे अल्लामा इब्ने आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात नोंदवून ठेवले होते की गरज असेल तिथे या मसल्यात इमाम मालिक यांच्या मतावर फतवा दिला तर हरकत नाही. पण हिंदुस्थानात ते पानातच राहिले. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली, त्यांत पंजाबचे मुसलमान शिपाई फार मोठ्या संख्येने होते. बेपत्ता झैद ही तेव्हा केवळ फिक्हच्या पुस्तकातली कल्पना राहिली नव्हती. शिवाय न हरवलेले झैदही होतेच. समोर राहून खर्च न देणारे, मारहाण करणारे, दुसरे घर करून पहिलीला ना नांदवणारे ना सोडणारे.

या कोंडीतून पंजाबात बायकांनी एक भयंकर वाट काढली. हनफी फिक्हमध्ये असे होते की जोडीदारांपैकी एकाने इस्लाम सोडला तर निकाह तत्क्षणी तुटतो. इंग्रजांची कोर्टे हा नियम जसाच्या तसा लावत. मग बाया कोर्टात जाऊन सांगू लागल्या की मी मुसलमान राहिले नाही. निकाह तुटल्याचा हुकूम मिळे. ज्यांना खरोखर धर्म बदलायचा होता अशा किती आणि ज्यांना फक्त नवऱ्यापासून सुटायचे होते अशा किती, हे आज कोण सांगणार? पण इक्बालसारख्या माणसाने आपल्या व्याख्यानांत, जी १९३० साली पुस्तकरूपाने आली, या प्रकाराचा उल्लेख केला आहे. नकोशा नवऱ्यापासून सुटण्यासाठी पंजाबातल्या मुस्लिम बायकांना इर्तिदादपर्यंत जावे लागते हे सर्वांना ठाऊक आहे, असे ते सांगतात. आणि विचारतात, शरीयतचा हेतू जर दीन, जीव, अक्कल, माल आणि वंश यांचे रक्षण हा असेल, तर या देशात हा कायदा दीनाचे रक्षण करतो आहे का?

आमच्याकडे काही जण हा प्रसंग सांगताना त्या बायांच्या ईमानाविषयी बोलतात. मी त्यांना विचारते, ज्या दाराला 'इस्लाम सोड, मग बाहेर ये' अशी पाटी लागली होती ती पाटी लावली कोणी? त्या बायांनी तर नाही.

थानवीसाहेबांकडे याची पत्रे येत होती. 'बहिश्ती जेवर' लिहिणारे हेच. आधी त्यांचेही मत प्रचलित हनफी मतासारखेच होते, इर्तिदादने निकाह तुटतो. पण हे लोण वाढत चालले तेव्हा थाना भवनच्या या म्हाताऱ्या आलिमाने, वय सत्तरीकडे झुकलेले असताना, प्रश्न नव्याने हाती घेतला. त्यांनी मदीना शरीफच्या मालिकी मुफ्तींना पत्रे लिहिली. तुमच्या मजहबात या-या स्थितीत काय आहे, अटी काय, मुदत काय, काझी नसेल तर काय. उत्तरे आली, त्यांवर पुन्हा शंका विचारल्या. मुफ्ती मुहम्मद शफी आणि मौलाना अब्दुल करीम गुमथलवी यांनी त्यांना या कामात साथ दिली. देवबंद आणि सहारनपूरच्या आलिमांना मसुदा दाखवून त्यांची संमती घेतली. १९३३ मध्ये किताब छापली गेली, 'अल-हीलतुन नाजिझा लिल हलीलतिल आजिझा'. अगतिक पत्नीसाठी यशस्वी तोड, असा नावाचा अर्थ. यमक साधलेले अरबी नाव आणि आत उर्दूत बायकांच्या दुःखाचा मामला.

त्यात काय आहे? निकाहाच्या वेळीच तलाकचा अधिकार अटींसह बायकोच्या हाती सोपवण्याची, म्हणजे तफवीजची, रीत समजावून सांगितली आहे. हनफी फिक्हच्या आत राहून करता येणारी ही गोष्ट, पण आजही आपल्या निकाहनाम्यात ती लिहायला मुलीचा बाप कचरतो. वरपक्षाला काय वाटेल! मग बेपत्ता नवरा, वेडा झालेला नवरा, नपुंसक नवरा, ऐपत असून खर्च न देणारा नवरा, यांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र चर्चा. बेपत्ताच्या बाबतीत मालिकी मत घेतले. बाईने दावा करावा, शोध घ्यावा, निराशा झाल्यावर चार वर्षे मुदत, मग चार महिने दहा दिवस इद्दत. काझी नसेल तिथे? मालिकी फिक्हच्या आधारे निदान तीन दीनदार मुसलमानांची पंचायत काझीची जागा घेऊ शकते, असे ठरवले. आणि इर्तिदादविषयी आधीचे मत बदलून बल्ख आणि समरकंदच्या जुन्या हनफी आलिमांचे मत घेतले, बाई इस्लाम सोडते असे म्हणाली तरी निकाह तुटत नाही. ती खोटी पळवाट बंद झाली. पण आधी खरे दार उघडले, मग ती बंद केली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. फक्त बंद करणे सोपे होते.

थानवीसाहेब काही सुधारक नव्हते. ज्याला जे मत सोयीचे वाटेल ते त्याने चार मजहबांतून उचलावे, याच्या ते सक्त विरोधात. म्हणूनच त्यांचे हे पाऊल मोठे वाटते. आपल्याच मजहबात उत्तर नाही हे कबूल करणे, दुसऱ्या मजहबाच्या जाणकारांना विद्यार्थ्यासारखे पत्र पाठवून विचारणे, आणि स्वतःचे आधीचे मत मागे घेणे. आमच्या पेशात सुद्धा फळ्यावरची चूक मुलांसमोर पुसताना हात जड होतो.

पुढची कथा कायद्याची. १९३६ मध्ये मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत थानवीसाहेबांच्या या किताबाचे नाव घेऊन सांगितले आहे की, हनफी नियमांनी अडचण होत असेल तिथे मालिकी, शाफई किंवा हंबली मतावर चालणे हनफी आलिमांनाच मान्य आहे. १९३९ साली तो 'मुस्लिम विवाहविच्छेद कायदा' झाला, त्या वर्षाचा आठवा कायदा. बाईला कोर्टातून फस्ख मागण्याची कारणे त्यात आली. नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नाही, दोन वर्षे खर्च दिला नाही, सात वर्षांची कैद झाली, तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य पाळले नाही, नपुंसकत्व, वेड, क्रूर वागणूक, आणि पंधराच्या आत बापाने लावून दिलेला निकाह अठराच्या आत नाकारण्याचा हक्क. कुष्ठरोगाचेही एक कारण होते, ते २०१९च्या दुरुस्तीने काढून टाकले गेले, आणि ते योग्यच झाले. इर्तिदादने निकाह आपोआप तुटत नाही हे चौथ्या कलमात आले. बेपत्ताच्या बाबतीत काळजी अशी घेतली की नवऱ्याच्या वारसांना नोटीस जाते, त्यांचे ऐकले जाते, आणि हुकूम झाल्यावरही तो सहा महिने लागू होत नाही. तेवढ्यात झैद परत आला आणि नांदवायला तयार झाला तर हुकूम रद्द.

आलिमांच्या दृष्टीने यात एक मोठी उणीव राहिली. मूळ मसुद्यात हे दावे मुसलमान न्यायाधीशापुढेच चालावेत असे कलम होते. ते मंजुरीआधीच गळाले. गैरमुस्लिम न्यायाधीशाच्या फस्खने शरई निकाह तुटतो का, हा प्रश्न म्हणून तसाच राहिला. ज्या किताबावरून कायदा झाला त्याच परंपरेचे आलिम कायद्यावर नाराज झाले. या नाराजीचा भुर्दंड पुन्हा हिंदालाच पडला. कोर्टाने सोडले तरी गाव विचारते, मौलवीसाहेबांनी सोडले का? आणि मौलवीसाहेबांनी सोडले तर सरकारी कचेरी विचारते, कोर्टाचा कागद कुठे? बिहारमध्ये मौलाना अबुल महासिन सज्जाद यांनी १९२१ मध्येच इमारत-ए-शरिया स्थापून दारुल कझाची रीत घालून दिली होती. १९७२च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या अधिवेशनातून आणि पुढल्या वर्षी हैदराबादेत स्थापन झालेल्या मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाकडून अशी दारुल कझा महाराष्ट्रातही सुरू झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की फतव्याला किंवा दारुल कझाच्या निवाड्याला कायद्याचे बळ नाही, कोणावर तो लादता येणार नाही. ज्याला मानायचा त्याने मानावा. नीट पाहिले तर फतवा म्हणजे हुकूम नव्हे ही गोष्ट जुन्या मुफ्तींनाही मान्यच होती.

आता हिशेब करा. किताब १९३३ची. कायदा १९३९चा. बडी नानीचा नवरा गेला १९४२ला. चार वर्षे संपली १९४६ला. तेव्हा तिचे वय बावीसच्या आसपास. कायद्यानेही दार उघडे, शरीयतच्या मतानेही उघडे. पण तिच्या पेटीत थानवीसाहेबांची पहिली किताब होती, दुसरी नव्हती. पहिली लग्नात मिळत होती, दुसरी आलिमांसाठी लिहिलेली. नानी सांगायची की एकदा रमजानात वाज करायला आलेल्या एका आलिमांना जमातीच्या लोकांनी विचारलेही होते. त्यांनी सब्राची फजीलत सांगितली. बडी नानी पडद्याआडून ऐकत होती. नंतर तिने किताब काढून ते पान उघडले, बहिणीला दाखवले आणि म्हणाली, लिहिलेले आहे. बहिणीच्या लेकरांना वाढवत, गोधड्या शिवत, पापड लाटत तिने आयुष्य काढले. कुठल्या मागणीला 'हो' म्हणाली असती का, ते माहीत नाही. तिला विचारलेच गेले नाही.

ती २००३ मध्ये वारली, मी सातवीत होते. पुढे बी.एड. करताना एका सुट्टीत मी 'हीलतुन नाजिझा' प्रथम पाहिली, आणि त्या रात्री वहीत आकडेमोड केली. नवरा १९२०चा जन्म. नव्वद वर्षे म्हणजे २०१०. शरीयतची वर्षे चांद्र असतात, म्हणून तशी मोजली, तर २००७. चांद्र हिशेबानेही ती वारली तेव्हा तिच्या प्रतीक्षेची चार वर्षे बाकी होती.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही महायुद्धांत समुद्रात नाहीसे झालेल्या खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या यादीत चितगावचे धरून सहा हजारांहून अधिक नावे आहेत. यादी आता घरबसल्या शोधता येते. मी शोधली. त्या नावाचे एकाहून अधिक खलाशी आहेत. हसन, इब्राहीम, दाऊद अशी आमच्याकडची नावे, ती प्रत्येक जहाजावर असणारच. नाव, जहाज, तारीख. गावाचे नाव कुठे आहे, कुठे नाही. मी बडी नानीच्या किताबातले ते पान मोबाइलवर फोटो काढून ठेवले आहे. समासात पेन्सिलीने मारलेल्या उभ्या रेघा आहेत, चार-चार रेघा आणि त्यांवर एक आडवी, जशी दूधवाल्याची खूण करतात तशा. कसल्या ते नानीलाही सांगता आले नाही. मी मोजल्या. एकसष्ट आहेत.